वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातलं आइसलँड, हातात एकच दिवस

यावेळी पत्रं उघडली तर त्यात आइसलँडवरचीच पाच निघाली, आणि पाचही हिवाळ्यातल्या ट्रिपबद्दल, म्हणून ठरवलं की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकायचं. मी तिथे दोनदा गेलेय, दोन्ही वेळा फेब्रुवारीत, आणि त्या देशावर माझा मनापासून जीव आहे, त्यामुळे काही ठिकाणी उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न (पुणे) : मुलगा लंडनला असतो. फेब्रुवारीच्या मध्यात आम्ही दोघं आणि तो असे तिघं चार दिवस रेक्याविकला जातोय. पण शहराबाहेर पडायला एकच पूर्ण दिवस मिळतोय. मुलगा म्हणतो गाडी भाड्याने घेऊ आणि सरळ योकुल्सार्लोनला, म्हणजे ते हिमनग तरंगणारं सरोवर आहे ना, तिथे जाऊन येऊ, मॅपवर पाच तास दाखवतंय. जमेल का?

उत्तर : नाही, आणि मुलाला हे उत्तर वाचून दाखवा. मॅपवरचे पाच तास हे कोरड्या रस्त्याचे आणि शांत हवेचे असतात. रेक्याविक ते योकुल्सार्लोन सुमारे ३७० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ७४० आणि दहा तास नुसतं स्टिअरिंग. फेब्रुवारीच्या मध्यात तिथे सकाळी साडेनऊच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी सहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे उजेड साडेआठ तासांचा. डिसेंबरात गेला असतात तर चारच तास मिळाले असते, त्या मानाने तुम्ही चांगला महिना निवडलाय. पण दहा तासांचं ड्रायव्हिंग साडेआठ तासांच्या उजेडात बसत नाही, उरलेलं अंधारात, बर्फाळ रस्त्यावर, दिवसभराच्या दमणुकीनंतर करावं लागतं आणि तेच सगळ्यात धोक्याचं. योकुल्सार्लोन बघायचंच असेल तर वाटेत एक मुक्काम टाका, नाहीतर पुढच्या वेळेसाठी ठेवा.

एक दिवस असेल तर माझं मत ठाम आहे, दक्षिण किनाऱ्याने व्हीक गावापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. व्हीक १८७ किलोमीटरवर आहे, चांगल्या हवेत अडीच तास. एवढ्या पट्ट्यात तुम्हाला वाफाळणारी जमीन, दोन मोठे धबधबे, हिमनदी, बर्फाखाली झोपलेले ज्वालामुखी आणि काळ्या वाळूचा समुद्रकिनारा असं सगळं एकाच रस्त्यावर मिळतं, दिशा बदलावी लागत नाही. आणि हवा बिघडली तर जिथे आहात तिथून मागे वळता येतं, हा मोठा फायदा.

सकाळी साडेसातला निघा, अंधारातच. शहर संपलं की अर्ध्या तासात हेट्लिसहेदी नावाचा पठारी घाट लागतो, हवेचा सगळा खेळ इथेच असतो, खाली लख्ख आणि वर काही दिसत नाही असं होतं. डाव्या हाताला अंधारात पांढऱ्या वाफेचे लोट दिसतील, तो भूऔष्णिक वीज प्रकल्प. तिथे एक काम चालतं ते मला फार भारी वाटतं, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसाल्टमध्ये सोडतात आणि तो तिथे दगड होऊन बसतो. २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा कळलं की दोन वर्षांच्या आत जवळजवळ सगळा वायू दगड झाला होता. बेसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ बरं का, त्याच्याबद्दल पुढे बोलते.

पहिला थांबा सेल्यालान्ड्सफॉस. फॉस म्हणजे धबधबा, हे एकदा लक्षात ठेवलं की पुढची नावं सोपी जातात. व्हीक म्हणजे लहान उपसागर आणि रेक्याविक म्हणजे धुराचा उपसागर, खरं तर तो धूर नव्हे, गरम झऱ्यांची वाफ. सेल्यालान्ड्सफॉस साठ मीटरवरून पडतो आणि ज्या कड्यावरून पडतो तो एकेकाळी समुद्राचा किनारा होता, आता समुद्र काही किलोमीटर लांब गेलाय. उन्हाळ्यात धबधब्याच्या मागून चालत जाता येतं, फोटो सगळे तिथलेच असतात. हिवाळ्यात ती वाट बहुतेक वेळा बंद असते कारण तुषार उडून उडून पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ बसतो. साखळी लावलेली असेल तर ती ओलांडून जाऊ नका, लोक जातात म्हणून आपणही जायचं असं करू नका.

पुढे अर्ध्या तासावर स्कोगाफॉस, हाही साठ मीटर पण रुंदीला पंचवीस मीटर, सरळ सपाट पडदा. समोरचं मैदान सपाट आहे म्हणून तुम्ही अगदी जवळ जाऊ शकता, पाण्याचा आवाज आधी छातीत बसतो मग कानात. बाजूला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, बर्फ नसेल तर चढा, नाहीतर वेळ वाचवा.

मग सोल्हेमायोकुत्ल, म्हणजे हिमनदीची खाली उतरलेली जीभ. गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं चाललं की तिच्यासमोरच्या तळ्यापाशी पोचता. नुसतं बघायचं असेल तर एवढं पुरे, पण तुमच्यापैकी कुणाला चालायला त्रास नसेल तर गाइडबरोबरचा हिमनदीवरचा वॉक आधीच बुक करा, साधारण तीन तास जातात, बुटाला क्रॅम्पॉन म्हणजे लोखंडी काटे आणि डोक्याला हेल्मेट तेच देतात. गाइडशिवाय बर्फावर पाय ठेवायचा नाही, कारण भेगांवर ताज्या बर्फाचं पातळ झाकण असतं आणि वरून काही कळत नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा गाइडने बर्फाचा एक तुकडा हातात दिला. बाहेरून मळका, पण प्रकाशात धरला तर आत निळसर आणि मधून एक काळी रेघ, पेन्सिलने ओढल्यासारखी. ती राख होती. ज्वालामुखी फुटतो, राख बर्फावर बसते, पुढच्या हिवाळ्यात त्यावर बर्फ पडतो, असं होत होत ती आत गाडली जाते आणि शेकडो वर्षांनी इथे टोकाला बाहेर येते. तुकडा कानाशी धरला तर बारीक चट् चट् आवाज येत होता, आत दाबून बसलेली हवा सुटत होती. हातमोज्यातून पाणी झिरपेपर्यंत मी तो धरून उभी होते.

तिथून व्हीक आणि त्याच्या अलीकडे रेय्निसफ्यारा, काळा किनारा. याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. तिथून नाकासमोर दक्षिणेला निघालात तर थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन लागत नाही, एवढ्या मोकळ्या समुद्रावरून लाटा येतात. पाच-सहा लाटा शांत येतात, माणूस निर्धास्त होतो, आणि सातवी एकदम वीस-तीस मीटर आत घुसते. परतताना पायाखालची गोटेरी वाळू ओढून नेते त्यामुळे उठून पळता येत नाही. तिथे गेल्या काही वर्षांत अनेक पर्यटक वाहून गेलेत, ऑगस्ट २०२५ मध्ये एक लहान मुलगी गेली. माझ्या डोळ्यांसमोर एक बाप पोराला कडेवर घेऊन समुद्राकडे पाठ करून फोटोला उभा होता आणि लाट त्याच्या मांड्यांपर्यंत आली. दोघांनी आरडाओरडा करून त्याला ओढलं, वाचला, पण पोराचा चेहरा मला अजून आठवतो. पार्किंगकडून येणाऱ्या वाटेवर इशाऱ्याचे दिवे आहेत, लाल असेल तर खाली उतरायचंच नाही. लाल नसेल तरी समुद्राकडे पाठ करायची नाही, एवढं तिघांनी एकमेकांना बजावून ठेवा.

पण बघा मात्र नक्की, वरून बघा, कारण त्या किनाऱ्याला लागून षटकोनी दगडी खांबांचा अख्खा डोंगर उभा आहे, ऑर्गनच्या नळ्या लावाव्यात तसा. आणि इथेच आपला सह्याद्री आठवतो. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना तडकतो, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळून कसा पाच-सहा कोनांत तडकतो अगदी तसा, आणि त्या भेगा खाली खाली जात राहतात म्हणून खांब तयार होतात. हेच खांब अंधेरीत आहेत! गिल्बर्ट हिल म्हणतात त्या टेकडीला, चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेली, वरती देवीचं देऊळ. ती साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, आणि आइसलँडच्या जमिनीवरचा सगळ्यात जुना दगडसुद्धा दीड-पावणेदोन कोटी वर्षांच्या पलीकडचा नाही. म्हणजे आपल्या दख्खनवर जे कधीकाळी घडून थंडावलं ते तिथे अजून चालू आहे. हे डोक्यात ठेवून त्या खांबांसमोर उभं राहिलात तर परक्या देशात आलोय असं वाटणारच नाही, मला तरी वाटलं नाही.

किनाऱ्यावरून समुद्रात उभे असलेले तीन-चार सुळके दिसतात. तिथली गोष्ट अशी की राक्षस रात्री जहाज ओढून आणत होते, उजाडलं आणि उन्हाने त्यांचा दगड झाला.

वाटेत एक विमानाचा सांगाडा आहे, १९७३ साली अमेरिकन नेव्हीचं विमान काळ्या वाळूवर उतरवावं लागलं, आतले सगळे वाचले. फोटोत झकास दिसतो पण जाऊन येऊन सात-आठ किलोमीटर सपाट वाळूवर वाऱ्यात चालावं लागतं, दोन तास खातो. हिवाळ्याच्या एका दिवसात तो घेऊ नका.

व्हीकहून तीनपर्यंत निघा, म्हणजे सकाळचा तो हेट्लिसहेदीचा घाट अगदी काळोख व्हायच्या आत पार होतो.

आता गाडी की बस. तुमच्या मुलाने बर्फावर गाडी चालवली नसेल तर बसने जा, मी हे कुणाचाही अपमान करायला सांगत नाहीये. लंडनला बर्फ पडतो तो वेगळा. इथे खरा शत्रू वारा. तापमान म्हणाल तर रेक्याविकला जानेवारीतसुद्धा शून्याच्या आसपास असतं, गरम समुद्रप्रवाहामुळे, मनाली यापेक्षा थंड असते कितीतरी वेळा. पण वारा असा की गाडीचं दार उघडलं तर बिजागरीतून उलटं फिरतं, आणि भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये हे नुकसान बऱ्याचदा धरत नाहीत. माझ्याबाबतीत ते झालंय, वाऱ्याकडे तोंड करून गाडी लावली नव्हती, एका हाताने दार उघडलं आणि ते हातातून गेलं, कंपनीने पूर्ण पैसे घेतले. दोन्ही हातांनी धरून उघडायचं, एका वेळी एकच दार. गाडी घेतलीच तर फोर बाय फोर घ्या आणि टायरला खिळे आहेत ना ते बघून घ्या, नोव्हेंबर ते मध्य एप्रिल तिथे खिळ्यांचे टायर चालतात. तिथे गाडी उजवीकडून चालवतात, आणि लंडनमध्ये आपल्यासारखीच डावीकडून, म्हणजे तुमच्या मुलाच्या हाताला उलटी सवय आहे हेही लक्षात घ्या.

आदल्या रात्री आणि निघताना तीन गोष्टी बघायच्या, हवामान खात्याचा इशारा, रस्त्यांची अवस्था आणि सेफट्रॅव्हल या प्रवास-सुरक्षेच्या वेबसाइटवरची सूचना, तिन्ही इंग्रजीत मिळतात. इशारे पिवळा, नारिंगी, लाल असे असतात. पिवळ्याला बस कंपनी जात असेल तर जा, स्वतःच्या गाडीने नको. नारिंगीला कुणीच जाऊ नये. आणि रस्ता बंद म्हणजे बंद, फाटक लावतात, बाजूने काढायचा प्रयत्न करायचा नाही. अडकलात तर ११२. तुम्हाला काढायला जी माणसं येतील ती पगारी नाहीत हो, सुतार, शिक्षक, दुकानदार असे स्वयंसेवक असतात, रात्रीबेरात्री घर सोडून येतात आणि त्यांच्या पथकांचा मोठा खर्च नववर्षाच्या फटाक्यांच्या विक्रीतून निघतो. दुसऱ्या खेपेला माझा एक दिवस नारिंगी इशाऱ्यात गेला, मी हॉटेलच्या खिडकीत बसून राहिले, वाईट वाटलं, पण त्या लोकांचा विचार केला की बाहेर पडावंसं वाटलं नाही.

प्रश्न (नाशिक) : आई ७१, बाबा ७५. बाबांचे गुडघे बरे नाहीत, पण त्यांना एकदा "गरम पाण्याचा फवारा" बघायचाय, शाळेत असताना भूगोलात वाचला होता म्हणतात. हिवाळ्यात त्यांना न्यावं का?

उत्तर : ताई, न्या. पण दक्षिण किनारा नको, त्यांच्यासाठी गोल्डन सर्कल. थिंगव्हेट्लिर, गेय्सिर आणि गुट्लफॉस असे तीन थांबे, गाडीतून उतरून फार चालायचं नाही, आणि संध्याकाळी वेळेत परत.

थिंगव्हेट्लिरला उत्तर अमेरिका आणि युरेशियाच्या भूपट्टांमधली फट आहे, वर्षाला साधारण दोन सेंटीमीटरने पट्ट लांब जातायत, आपली नखं वाढतात जवळपास त्याच वेगाने. आणि त्याच फटीत इसवी सन ९३० मध्ये त्या लोकांनी आपली लोकसभा भरवायला सुरुवात केली, उघड्यावर, कड्याला पाठ लावून म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज लांब जाईल. बाबांना भूगोलाबरोबर इतिहास आवडत असेल तर इथे जरा जास्त वेळ द्या.

बाबांचा फवारा म्हणजे स्ट्रोक्कुर. मूळ गेय्सिर त्याच्या शेजारी, ज्याच्यावरून इंग्रजीत गीझर शब्द आला आणि आपल्या बाथरूमपर्यंत पोचला, पण तो आता क्वचितच उडतो. स्ट्रोक्कुर मात्र दर पाच-दहा मिनिटांनी उडतो, म्हणून थंडीत फार उभं राहावं लागत नाही. तो उडायच्या आधीचा क्षण बाबांना नीट दाखवा. खड्ड्यातलं पाणी आधी श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं, मग मधोमध एक निळा घुमट फुगतो, अगदी गुळगुळीत, आतून वाफ वर येताना दिसते, अर्धा सेकंद तो तसाच राहतो आणि फुटतो. पाणी पंधरा-वीस मीटर जातं, कधी त्याहून वर. बहुतेक लोक फवाऱ्याचा फोटो काढायच्या नादात तो घुमट बघतच नाहीत. वारा कुठून येतोय ते बघून उभे राहा, तुषार अंगावर आले तर लगेच गारठतात. आणि दोरीच्या पलीकडे हात नको, बाजूच्या साध्या ओघळातलं पाणीसुद्धा भाजतं.

गुट्लफॉसला खालची वाट हिवाळ्यात बंदच असते बहुतेक, वरच्या कठड्यावरूनच बघा, तिथूनही दोन टप्प्यांत पडणारा अख्खा धबधबा दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे वीज प्रकल्प होणार होता. शेजारच्या शेतकऱ्याची मुलगी सिग्रिदूर टोमासडोट्टिर त्याच्याविरुद्ध लढली, रेक्याविकला चालत खेपा घातल्या, धबधब्यात उडी टाकीन म्हणाली. तिचं शिल्प आहे तिथे. आईंना दाखवा.

गुडघ्यांचं म्हणाल तर खरी भीती चढाची नाही, घसरण्याची आहे. पार्किंगच सगळ्यात निसरडं असतं. बुटाला बाहेरून चढवायचे रबरी पट्ट्याचे खिळे मिळतात, दोघांना घेऊन ठेवा, गाडीतून उतरायच्या आधी सीटवर बसूनच चढवा, उतरल्यावर नाही. काठी असेल तर तिच्या टोकालाही टोकदार बूच लावून घ्या.

प्रश्न (कोल्हापूर) : ज्वालामुखी जिवंत फुटताना बघायला मिळेल का? यूट्यूबवर लोक अगदी लाव्ह्याजवळ उभे दिसतात.

उत्तर : ते व्हिडिओ बहुतेक २०२१ चे. मार्च २०२१ मध्ये रेय्क्यानेस द्वीपकल्पावर सुमारे आठशे वर्षांनी लाव्हा बाहेर आला, तो डोंगरातल्या निर्जन दरीत होता म्हणून लोक चालत जाऊन बघू शकले. नंतर चित्र बदललं. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री त्याच द्वीपकल्पावरचं ग्रिंडाव्हीक हे मासेमारीचं गाव रिकामं केलं, जवळपास चार हजार माणसं हातात येईल ते घेऊन निघाली, आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे एकामागून एक उद्रेक झाले, जानेवारी २०२४ मध्ये तर लाव्ह्याने गावातली घरं जाळली. त्यामुळे "मिळेल का" याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही, उद्रेक काही तासांचा असतो किंवा काही आठवड्यांचा, आणि त्या जागी विषारी वायूही असतो. तुम्ही तिथे असताना झाला आणि पोलिसांनी बघायची जागा उघडली तरच जा. ट्रिप त्याच्या भरवशावर आखू नका. आणि ग्रिंडाव्हीकच्या बाजूला गेलात तर तिथल्या घरांचे फोटो काढताना जरा थांबून विचार करा, लोकांचे संसार होते ते.

ब्लू लगून, म्हणजे गरम पाण्यात डुंबायचं ते तळं, त्याबद्दलही तुम्ही पत्रात विचारलंय. ते त्याच भागात आहे, निळं पाणी निसर्गाचं नाही, शेजारच्या वीज प्रकल्पातून बाहेर पडणारं खारं गरम पाणी आहे, त्यातल्या सिलिकामुळे तो दुधाळ निळा रंग येतो. उद्रेकाच्या वेळी बंद ठेवतात, बुकिंगच्या दिवशी सकाळी चौकशी करून मगच निघा.

प्रश्न (बेळगाव) : आम्ही शुद्ध शाकाहारी. दिवसभर बाहेर राहायचं तर खायचं काय?

उत्तर : घरून दशम्या, चटणी, भाजलेले शेंगदाणे न्या, गारठ्यातही दशमी खायला बरी लागते. तिथे पेट्रोल पंपावर चहा-कॉफी आणि ब्रेड मिळतो, गरम सूप बहुतेक कोकराच्या मटणाचं असतं, विचारून घ्या. गोल्डन सर्कलला गेलात तर रेय्कहोल्ट गावात टोमॅटोचं ग्रीनहाउस आहे, जमिनीतल्या गरम पाण्यावर बारा महिने टोमॅटो पिकवतात आणि त्या वेलांमध्येच टेबलं मांडून टोमॅटोचं सूप देतात, बाहेर बर्फ आणि आत तुम्ही स्वेटर काढून बसलेले. आधी बुकिंग करा. आणि स्कीर खाऊन बघा, दुकानात सगळीकडे असतं, खाल्ल्याबरोबर आपला चक्का आठवतो, फक्त साखर-वेलदोडा घातला की श्रीखंड! मात्र त्यात कधी कधी दूध घट्ट करायला प्राण्यांपासून मिळणारं रेनेट वापरतात, तुम्ही काटेकोर असाल तर डब्यावर वाचून घ्या. पाणी विकत घेऊ नका, नळाचं थंड पाणी उत्तम असतं. गरम नळाला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा, जमिनीतलंच पाणी आहे, घाबरायचं नाही, पण पिताना थंड नळ थोडा वेळ सोडून मग भरा.

प्रश्न (ठाणे) : माझी मुलगी सातवीत आहे. तिने विचारलंय की बर्फाच्या खाली ज्वालामुखी असेल तर बर्फ वितळून का जात नाही? मला सांगता आलं नाही.

उत्तर : तिला सांगा, प्रश्न एक नंबर आहे, आणि उत्तर असं की वितळतो, पण खालून, आणि आपल्याला दिसत नाही.

व्हीकच्या डोक्यावर मिर्दाल्सयोकुत्ल नावाची बर्फाची मोठी चादर आहे, काही ठिकाणी कित्येकशे मीटर जाड, आणि तिच्या पोटात काट्ला हा ज्वालामुखी. दगड उष्णता फार हळू सोडतो, आपल्या चुलीचं भांडं पटकन तापतं पण पाटा-वरवंटा उन्हात ठेवला तरी आतून तापायला किती वेळ लागतो तसं. त्यामुळे लाव्हा खोल असताना वरच्या बर्फाला थोडीच ऊब मिळते. जी मिळते तिने तळाशी पाणी साठतं, वर बर्फ खचून वाटीसारखे खड्डे पडतात. वरून दरवर्षी नवा बर्फ पडतोच, म्हणून हिशेब जुळतो. पण ते साठलेलं पाणी एकदा फुटून निघालं की पूर येतो, जुलै २०११ मध्ये अशाच पुराने व्हीकच्या पुढचा हमरस्त्यावरचा पूल वाहून नेला होता. काट्लाचा मोठा उद्रेक शेवटचा १९१८ मध्ये झाला. शेजारचा एयाफ्यात्लायोकुत्ल २०१० मध्ये फुटला, तेव्हा वितळलेल्या बर्फाचं पाणी आणि लाव्हा एकत्र येऊन त्याची इतकी बारीक राख झाली की युरोपातली विमानं कित्येक दिवस जमिनीवर बसली. तिला आवडेल असं एक सांगते, व्हीकचं चर्च गावाच्या वरती टेकडीवर आहे आणि काट्ला उठला तर सगळ्यांनी तिथे पळायचं याचा गावात सराव करतात.

आणि तिला हेही सांगा की सोल्हेमायोकुत्लपासून जवळच्या एका शाळेतली तिच्याच वयाची मुलं २०१० पासून दर शरदात त्या हिमनदीच्या टोकाचं अंतर मोजतात. सुरुवातीला मोजपट्टी धरून बर्फापर्यंत चालत जाता यायचं. बर्फ मागे सरकत गेला आणि मध्ये तळं झालं, ते वाढतंच गेलं, आता बर्फाच्या टोकापर्यंत पोचायला त्यांना होडी लागते.